मल्हारला माहीत आहे

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमारास चंदनाला कळलं, की आपल्या नवऱ्याला सगळं माहीत आहे. कळलं ते फोनवर, आणि तेही नवऱ्याच्या तोंडून नाही. 'छुपा संसार' या मालिकेच्या दोनशे बाराव्या भागाखाली प्रेक्षकांनी लिहिलेली मतं ती वाचत होती. रोज दुपारी वाचायची. जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, गोमटेश पुन्हा दुकानावर गेले, की सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या घरात फ्रीजचा आवाज तेवढा उरायचा. मग ती पलंगावर पाय वर घेऊन बसायची आणि ज्यांना जन्मात कधी बघितलं नाही अशा माणसांची मतं वाचायची. खरं सांगायचं तर मालिकेपेक्षा तिला मतंच जास्त आवडत. मालिकेत इरा नावाची बाई होती. पुण्यात शाळेत शिकवायची आणि नवऱ्याला कळू न देता हेरगिरी करायची. मल्हार हा तिचा नवरा. विम्याच्या कचेरीत कामाला होता, सकाळी भरलेला डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी रिकामा घेऊन यायचा, त्यापलीकडे त्याला दोनशे भागांत लेखकाने काही काम दिलं नव्हतं. पण या मल्हारला बायकोचं गुपित माहीत आहे की नाही, यावरून दोन महिने प्रेक्षकांत नुसती हाणामारी चालली होती. साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार दर भागाखाली लिहीत, की पिस्तूल असं धरत नाहीत, आणि खाली आपला हुद्दा टाकून सही करत. जतची कुणी बाई रोज विचारायची, इराची ती शेवाळी साडी कुठल्या दुकानातली आहे. कुणी म्हणायचं लय ताणलंय, आता एकाला मारून टाका. आणि या सगळ्यांच्या खाली, 'सांगलीकर ५९' असं नाव घेतलेल्या कुणीतरी, आदल्या रात्री हे लिहिलं होतं:

'मल्हारला माहीत हाय. पहिल्या भागापासनं माहीत हाय. बायको कुठं जाती हे नवऱ्याला कळत न्हाई असं कवा झालंय का? तिच्या पिशवीत तिकीट सापडतं, तो गप चुरगाळून टाकून देतो. आमच्यासारख्या दिवस असताना जेवणाऱ्या घरात संध्याकाळ लय मोठी असती, तेवढ्या वेळात माणसाला सगळं उमगतं. तो रागावलेला न्हाई. ती कवा सांगती याची वाट बघत बसलाय.'

चंदनाने ते तीनदा वाचलं. मग फोन पालथा ठेवला आणि उगाचच उठून गॅस बंद आहे का ते बघून आली. भीती वाटतेय की आनंद होतोय, हे तिचं तिलाच सांगता येईना. सांगलीकर, वय वर्षं एकोणसाठ. गोमटेशना मागच्या पौषात एकोणसाठ लागलं. दिवस असताना जेवणारं घर. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेमाने जाणारे, दिवेलागणीच्या आत ताटावरून उठणारे गोमटेश, आणि त्यानंतर आठच्या मालिकेपर्यंत कोचावर नुसते बसून राहणारे गोमटेश. इतकी वर्षं हा माणूस त्या वेळात काय करतो असं तिला वाटायचं. आता कळलं. आणि तिकीट. पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलेलं एक तिकीट पावसाळ्यात तिला सापडलं नव्हतं. कुठं पडलं असेल या काळजीने दोन दिवस तिने सगळं घर धुंडाळलं होतं, आणि मग काहीच झालं नाही तेव्हा ती विसरून गेली होती. आधीच्या तीन वर्षांतला एकेक प्रसंग ती आता वर काढून पुन्हा बघू लागली, जुना भाग पुन्हा लावून बघावा तसा. आषाढात एकदा तिला यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच भात टाकून ठेवला होता आणि काही विचारलं नव्हतं. दिवाळीत तिने बाळाचं दुपटं शिवायला घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "कुणाचं?" ती म्हणाली होती, "शेजारच्या राजेश्वरीच्या सुनेचं." त्यावर ते फक्त "हं" म्हणाले होते. त्या 'हं'मध्ये किती काय काय असू शकतं ते तिला आज दिसायला लागलं. राजेश्वरीच्या सुनेला दिवस गेलेलेच नव्हते.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या लेकीने, सोनमने, कराडच्या कॉलेजातल्या शिवतेजशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलगा साताऱ्याचा, मराठा, बाप फौजेतून निवृत्त झालेला. मुलगा वाईट होता असं नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान बोलायला काही सापडलं असतं. गोमटेश ओरडले नाहीत, रडले नाहीत, कुणाला दारात यायला बंदी केली नाही. दुसऱ्या दिवशी बस्तीत जाऊन त्यांनी गोड सोडायचा नियम घेतला आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, "आजपासनं माझ्या च्यात साखर नको." का, ते सांगितलं नाही आणि चंदनाने विचारलं नाही. नियम कधीपर्यंतचा, तेही विचारलं नाही. लेकीचं नाव त्यांनी टाकलं नाही, नुसतं घेतलं नाही. ही त्यांची तऱ्हा. दुकानात एखादा पाइप चिरलेला निघाला तर ते कंपनीशी भांडत नसत, तो पाइप मागच्या भिंतीला उभा करून ठेवत आणि पुन्हा त्याच्याकडे बघत नसत. वर्षभर चंदनानेही बघितलं नाही. मग एका शनिवारी कराडला आक्काताई मावशीला भेटायला म्हणून ती एसटीत बसली, मावशीकडे तासभर बसली, आणि परत फिरायच्या ऐवजी साताऱ्याच्या गाडीत चढली. असं करायचं आहे हे तिला गाडीत पाय ठेवेपर्यंत माहीत नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली. पण पिशवीत सोनमला आवडणारी शेंगांची चटणी होती, त्याचं काय?

तेव्हापासून दर महिन्याचा दुसरा शनिवार. त्या दिवशी सोनमच्या बँकेला सुट्टी असते म्हणून दुसरा. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या मावशीला दुसऱ्याच शनिवारी का बघावं लागतं, असा प्रश्न गोमटेशना कधी पडला नाही, आणि पडत नाही याचं तिला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं, मग सवय झाली. मावशीला ऐकू कमी यायचं, त्यामुळे फोनची भीती नव्हती. खोटं बोलायला फार अक्कल लागते असं तिला वाटायचं, लागत नाही. थोडं खरं मिसळावं लागतं, बस्स. मावशीकडे खरंच जायचं, तिच्या पायाला खरंच तेल लावायचं, आणि घरी आल्यावर तेलाचं सांगायचं. पहिलं वर्षभर घरी परतताना तिचे हात गार पडायचे. दुसऱ्या वर्षी नाही पडले. तिसऱ्या वर्षी तर तिच्या लक्षात आलं, की तिला ते तास आवडतात. कराड सोडल्यावर उंब्रजच्या पुढे गाडी पळायला लागली, की खिडकीशी बसलेल्या या बाईचा ठावठिकाणा जगात कुणालाच ठाऊक नसायचा. तिला स्वतःची लाज वाटायची, पण ती लाजही फार जोराची नव्हती. मालिका सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्यात इरा आरशासमोर उभी राहून खोटं बोलायचा सराव करते असं दाखवलं होतं. चंदना मनाशी म्हणाली होती, छे, आरसा कशाला लागतोय?

आणि आता हे. तो रागावलेला नाही. वाट बघत बसलाय. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली भाजीवाली ओरडत होती. चंदनाला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या मागोमाग बारीकसा राग आला: तीन वर्षं मी जिवाचं रान केलं आणि हा माणूस कोचावर बसून सगळं बघत होता! पण राग टिकला नाही. नवऱ्याबद्दल इतकी माया तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही वाटली नव्हती. समोरासमोर बोलता येत नाही म्हणून बिचाऱ्याने मालिकेखाली लिहिलं. आपली बायको मतं वाचते हे त्याला माहीत असणारच. त्याला सगळंच माहीत होतं. संध्याकाळी तिने त्यांच्या आवडीची मेथी केली, दिवस असताना दोघं जेवली, आठला मालिका लागली. इरा एका बागेत कुणाला तरी पाकीट देत होती. चंदना पडद्याकडे न बघता नवऱ्याकडे बघत होती. त्यांनी एकदा पाय खाजवला. मालिकेबद्दल ते कधीच काही बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत.

बुधवारी सकाळी गोमटेश बस्तीतून आले, पूजेचं धोतर बदलून जेवायच्या टेबलाशी बसले. कपाळावर गंध ओलं होतं. तिने बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली,

"आवं, मी वाचलं तुमी लिवलेलं."

"काय लिवलेलं?"

"मल्हारचं. मालिकेखाली."

"मी?" ते हसले. "मला त्या फोनवर स्वतःचं नाव धड लिवता येत न्हाई. दुकानातला भाऊसो सगळं लिहून देतो मला."

हे त्यांनी म्हणणं साहजिकच होतं. कबूल कसं करतील? तिला त्या नाकबुलीचंही कौतुक वाटलं. ती खुर्ची ओढून बसली.

"ऱ्हाऊ दे. लिवलं न्हाई तर न्हाई. पण मला कळलं. तीन वर्सं तुमी गप बसलासा, मला एका शब्दानं टोचलं न्हाई. आता मला लपवायचा कटाळा आलाय. ह्या शनवारी सोनमकडं जाताना तुमीबी चला. पोरगी आता बोलायला लागलीया. शिवांजली म्हटलं की 'ओ' देती. तुमचंच नाक हाय तिला."

चार वर्षांत त्या घरात पहिल्यांदा ते नाव घेतलं गेलं होतं, आणि एकाच दमात आणखी एक. गोमटेशनी कप खाली ठेवला. चहा बशीत हिंदकळला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिला त्या बघण्यात राग दिसला असता तरी चाललं असतं. ते नुसते गोंधळले होते. चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाने बघावं तसे बघत होते.

"कुठली पोरगी?" ते म्हणाले.

बोललेलं गिळता येत नाही, आणि ते एकेक करून विचारत गेले, ती एकेक करून सांगत गेली. पोरगी दोन वर्षांची. दवाखाना साताऱ्यातलाच. हो, त्या वेळी ती मावशीच्या पायाचं निमित्त करून तिकडेच आठ दिवस राहिली होती. मावशी? मावशी बरी आहे, तिच्याकडेही जाते, तासभर. तिकीट? "मी कशाला तुझ्या पिशवीत हात घालीन?" ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी इतक्या सरळपणाने म्हटलं की तिला ते सगळ्यात जास्त लागलं. तीन वर्षं ज्या माणसापासून ती एकेक कागद लपवत होती, त्याने कधी तिची पिशवी उघडायचा विचारही केला नव्हता. विश्वास होता म्हणून, की लक्षच नव्हतं म्हणून, हे आता विचारायची सोय नव्हती. शेवटी ते उठले, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाले,

"इतकं चांगलं खोटं बोलायला तू कवा शिकलीस गं?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. ते न जेवता दुकानाला गेले.

दिवसभर ती घरात फिरत राहिली. दुपारी सवयीने फोन हातात घेतला. 'सांगलीकर ५९'च्या मताखाली आणखी मतं आली होती. कुणी तरी लिहिलं होतं, आमच्याकडेही दिवस असतानाच जेवतात, पण आमच्या ह्यांना शेजारी आग लागली तरी कळत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, मीपण सांगलीचाच, जैनच, मीपण साठीचाच, पण मल्हार बावळट आहे एवढंच माझं मत. चंदना वाचत राहिली. सांगलीत दिवस असताना जेवणारी घरं किती? बस्तीभोवतीच्या चार गल्ल्या धरल्या तरी शेकड्यांनी निघतील. लहानपणापासून ती हेच बघत आली, माहेरी, मामाकडे, मावशीकडे, सासरी. आणि तरीही ते वाक्य वाचताना तिला एकच घर दिसलं, आपलं. कसल्या आनंदात होतो आपण काल! ते आठवून तिला पहिल्यांदा रडू आलं, आणि रडताना तिला हेही वाटलं, की ते लिहिणारा खराच कुणी तरी असेल. कुठल्या तरी घरात तो कोचावर बसला असेल आणि त्याची बायको मतं वाचतच नसेल.

संध्याकाळी गोमटेश वेळेवर आले, वेळेवर जेवले. आठला मालिका लागली. ते कोचाच्या नेहमीच्या टोकाला बसले, ती दुसऱ्या टोकाला. त्या भागात मल्हार इराच्या कपाटापुढे उभा राहतो, हात पुढे करतो आणि दार न उघडता मागे फिरतो, असं दाखवलं. जाहिरात सुरू झाली तेव्हा गोमटेश बोलले. मालिकेबद्दलचं त्यांचं पहिलं मत.

"त्याला काय म्हाईत न्हाई," ते म्हणाले. "लोक उगंच त्याला शाणा करत्यात."

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. ते जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. चंदनाला वाटलं होतं, की खोट्याचं ओझं उतरलं की पाऊल हलकं पडेल. उलटंच झालं. इतके दिवस ती चोरून जात होती, त्यात त्यांचा अपमान नव्हता. त्यांना न विचारता गेली तरी त्यांनी नको म्हटलेलं नव्हतं. आता जायचं म्हणजे त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना ओलांडून जायचं. आणि न जावं, तर तिकडे ती पोर दर दुसऱ्या शनिवारी जिन्यावरच्या पावलांकडे कान लावून बसायला शिकली होती. आपल्या हातातलं एकुलतं एक स्वातंत्र्य आपण एका परक्या माणसाच्या चार ओळींवर भुलून देऊन टाकलं, या विचाराने तिची शुक्रवारची झोप उडाली. शनिवारी सकाळी तिने पिशवी भरली. गोमटेश पेपर वाचत होते. मावशीचं नाव जिभेवर आयतं आलं, ते तिने मागे सारलं.

"साताऱ्याला जाऊन येते," ती म्हणाली.

पेपरचं पान उलटलं गेलं. ती पिशवी उचलून निघाली.

त्या दिवशी ती कराडला उतरलीच नाही. सरळ साताऱ्याचं तिकीट काढलं, कंडक्टरने बायकांचं अर्धं तिकीट फाडून हातात दिलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा ते कुठे टाकायचं याचा विचार करावा लागला नाही. बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उंब्रजच्या पुढे गाडी पळायला लागली तेव्हाही वाटलं नाही. सांगलीत बसलेल्या एका माणसाला ती आता कुठे आहे हे नेमकं माहीत होतं, आणि त्याची नजर पाठीवर असल्यासारखी ती ताठ बसून राहिली.

साताऱ्यात गोडोलीतल्या घराचं दार सोनमने उघडलं. शिवतेज भाजी आणायला गेला होता. शिवांजलीने आजीच्या पायांना मिठी मारली, पिशवीत डोकं घातलं. सोनमने पाणी आणून दिलं आणि नेहमीप्रमाणे हसून विचारलं, "आज बाबांना काय सांगून आलीस?"

"साताऱ्याला जाते म्हणून."

सोनमचं हसू जागच्या जागी थांबलं. ती खाली बसली. पहिल्या भेटीत तिने विचारलं होतं, बाबांना माहीत आहे का गं? तेव्हा चंदना म्हणाली होती, त्यांच्यापासून काय लपतंय? वेळ मारून नेण्यापुरतं म्हटलेलं ते वाक्य लेकीने तीन वर्षं उराशी धरून ठेवलं होतं, हे चंदनाला आत्ता, तिच्या तोंडाकडे बघताना समजलं. सोनम दर वेळी पोरीला नवा फ्रॉक का घालायची, आजीबरोबरचा फोटो काढून "घरी दाखव" का म्हणायची, हे सगळं.

"म्हणजे शेवटी बोलला तुमी दोघं," सोनम हळूच म्हणाली. "त्यांना आधीपासनं माहीत होतं, व्हय ना आई?"

एसटीत बसताना चंदनाने ठरवलं होतं, की आता या तोंडातून खोटं काढायचं नाही. ती पाणी प्यायली. पेला खाली ठेवला.

"होतं की," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासनं. माझ्या पिशवीत तिकिटं सापडायची त्यांना, गप टाकून द्यायचे. रागावलेले न्हाईत गं ते. मी कवा सांगते याची वाट बघत बसलेले."

आवाज कापला नाही, हात गार पडले नाहीत. इतकं सफाईदार खोटं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. सोनम रडायला लागली, रडता रडता हसली, पोरीला उचलून कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने टेबलावरचा फोन ओढला.

"मग मीच बोलते त्यांच्याशी."

"आत्ता नको," चंदना घाईने म्हणाली. "दुकानात गिऱ्हाईक असंल."

"चार वर्सं वाट बघितली त्यांनी. आता मीबी वाट बघायला लावू व्हय?"

कडेवर पोर होती म्हणून सोनमने फोन टेबलावरच ठेवून आवाज मोठा केला. रिंग वाजायला लागली. चंदनाला वाटलं हात पुढे करून तो बंद करावा, पण तिला हात उचलता येईना. आता ते म्हणणार, कोण सोनम? किंवा म्हणणार, मला तर बुधवारीच कळलं. किंवा काहीच न म्हणता ठेवून देणार, आणि ही पोरगी, मनाशी सांभाळलेली तीन वर्षं हातातून गळून पडलेली अशी, आपल्याकडे बघणार. आपल्या नवऱ्याबरोबर एकतीस वर्षं काढूनही तो पुढच्या क्षणाला काय बोलेल याचा आपल्याला काडीचाही अंदाज नाही, हे तिला त्या रिंगच्या मधल्या शांततेत लख्ख दिसलं. पाचव्या रिंगला फोन उचलला गेला.

"कोण बोलतंय?"

"बाबा," सोनम म्हणाली. "मी."

पलीकडे कुणाला तरी "थांब जरा" म्हटल्याचं ऐकू आलं. मग काहीच नाही. शिवांजलीने फोनकडे बोट दाखवून "बाबा" असं स्पष्ट म्हटलं. चंदनाने डोळे मिटून घेतले.

"आई पोचली का तुझी?" गोमटेश म्हणाले.